आधी वाऱ्याला विचार

अरे,

तुझा प्लॅन वाचला. पुण्यात असताना सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचास, म्हणून इथे शिकागोच्या सबर्बमधे आल्या आल्या सायकल घेतलीस ते फार बरं केलंस. पण पहिल्याच महिन्यात अख्खा इलिनॉय प्रेरी पाथ, ही चालायची-सायकलची वाट, सगळे फाटे धरून 61 मैल, एका दिवसात मारायचा, आणि कारण काय तर 'सगळं सपाटच तर आहे मावशी'. सपाट आहे म्हणूनच दमानं घे म्हणते मी. चढावर दम निघतो हे खरं, पण उतारावर पाय फुकटात विसावतात ना, इथे उतारच नाही तर विसावा कुठून येणार, पेडल मारत राहायचं आणि मारतच राहायचं, आणि त्यात समोरून वारा सुटला की तुझा तो स्पीडचा आकडा बघता बघता निम्म्यावर येतो.

इथला घाट म्हणजे वारा. त्यामुळे आदल्या रात्री मॅपच्या आधी वारा बघायचा, किती आणि कुठून. उन्हाळ्यात बहुतेक दिवस नैऋत्येकडून येतो, सकाळी जरा पडलेला असतो आणि दुपार चढली की जोर धरतो. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, ताजे पाय असताना, आणि येताना त्याला पाठीशी घ्यायचं. उलटं केलंस तर सकाळी वाटेल की वा काय पळतोय आपण, आणि मग दुपारी तीन वाजता, पाणी संपलेलं, घर वीस मैलांवर, आणि समोरून वारा. अशी पोरं मी ट्रेलच्या बाकावर बसलेली खूप बघितलीयेत, फोनवर कोणाला तरी गाडी घेऊन ये म्हणत असतात.

आता तुला खरंच एक चांगला दिवस हवा असेल तर 61 सोड आणि ही फेरी कर. व्हीटनला व्हॉलंटियर पार्कपासून निघ, तिथूनच पाथचे फाटे फुटतात. ऑरोराचा फाटा धर, तो बरोबर नैऋत्येला जातो, म्हणजे वारा समोर पण सकाळचा, आणि बराचसा रस्ता झाडांच्या आडोशाने. ऑरोराला फॉक्स नदी लागली की उजवीकडे वळून नदीकाठाने वर उत्तरेला, बटाव्हिया, जिनिव्हा, आणि जिनिव्हाहून पूर्वेला परत व्हीटन, आता वारा मागून ढकलतोय. साधारण 35 मैल होतात. यात तुला प्रेरी, म्हणजे इथलं उंच गवताचं माळरानही मिळतं, नदीही मिळते आणि जेवायला गावंही मिळतात. जिनिव्हाच्या अलीकडे फेबियनची पवनचक्की दिसेल, डच पद्धतीची, चांगली उंच, तिथे थांब. फोटो काढून पळायचं नाही, थांब म्हणजे बस. बटाव्हियाशेजारी फर्मीलॅब नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या आवारात बायसनचा, म्हणजे इथल्या रानगव्यांचा कळप आहे, 1969 पासून पाळलाय, पण आत जायचे नियम बदलत असतात ते आधी बघ आणि ओळखपत्र जवळ ठेव. ऑरोरात थोडी आडवाट केलीस तर बालाजी मंदिर आहे, दर्शन कर नाहीतर नको करूस पण कॅन्टीन उघडं असेल तर इडली सोडू नकोस.

हा रस्ता इतका सपाट का हेही सांगते, कारण नुसता मैल मोजत गेलास तर ते कळणारच नाही. ही मुळात रेल्वे होती, शिकागो ऑरोरा अँड एल्गिन, विजेवर चालायची, थर्ड रेलवर, म्हणजे रुळांशेजारच्या विजेच्या तिसऱ्या रुळावर. रेल्वेला तीव्र चढ चालत नाही म्हणून तुलाही चढ लागत नाही. 3 जुलै 1957 ला भर दुपारी कंपनीने पॅसेंजर गाड्या बंद केल्या, सकाळी याच गाडीने कामाला गेलेली माणसं संध्याकाळी बघतात तर परतीची गाडीच नाही! मग रूळ गेले, जागा ओस पडली, बिल्डरांची नजर त्यावर, आणि 1963 मधे मे वॉट्स नावाच्या बाईंनी शिकागो ट्रिब्यूनला एक पत्र लिहिलं की इथे चालायची वाट करा. मॉर्टन आर्बोरेटम या झाडांच्या मोठ्या बागेतल्या निसर्गअभ्यासक होत्या त्या, तेव्हा वय सत्तरीचं. मागे लागून, लोक जमवून, केलंच. रेल्वेच्या जागी केलेल्या अशा वाटांमधे ही अमेरिकेतल्या अगदी पहिल्या काहींपैकी आहे. व्हिला पार्कला त्या रेल्वेचं जुनं स्टेशन अजून उभं आहे, आत छोटं म्युझियम आहे, त्या बाजूला गेलास की बघ. मे महिन्यात गेलास तर पुढे लोम्बार्डला लायलॅकची बाग फुललेली असते, पाथपासून अगदी जवळ, वासानेच कळतं.

प्रेरीबद्दल मात्र माझं म्हणणं जरा हट्टाचं आहे. गाडीतून जाताना तुला जे दिसतं ना, मका आणि सोयाबीन, ती प्रेरी नाही. खरी प्रेरी या राज्यात एकेकाळी जवळपास 2 कोटी 20 लाख एकर होती, आणि त्यातली चांगल्या स्थितीतली आज उरलीये ती शेकड्यात सोड, दहा हजारात जेमतेम एक भाग. गवताची मुळं इतकी खोल आणि माती इतकी चिकट की साधा नांगर चालायचा नाही, मग 1837 मधे इथल्याच जॉन डिअर नावाच्या लोहाराने पोलादी फाळाचा नांगर केला आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत सगळं नांगरून झालं. आता जिथे दिसते तिथे बहुतेक ठिकाणी माणसांनी बिया गोळा करून परत लावलेली आहे, आणि वसंतात मुद्दाम आग लावून ती जिवंत ठेवतात. काळीठिक्कर जमीन दिसली तर घाबरू नकोस, महिन्याभराने तिथेच ये.

नेपरविलला राहतोस तर स्प्रिंगब्रुक प्रेरी तुझ्या दारात आहे, 1800 एकरांच्या वर, मधून ओढा, भोवती बारीक खडीचा ट्रेल. पण तिथे आडोसा शून्य, म्हणून सकाळीच जा. जुलैत गेलास तर उतरून एक झाड शोध, कंपास प्लांट, पिवळी फुलं, सूर्यफुलाच्या जातीतलं, खालची पानं मोठी, खूप चिरलेली आणि हाताला खरखरीत. ती पानं आडवी पसरत नाहीत, उभी राहतात, आणि बहुतेकांच्या कडा उत्तर-दक्षिण असतात, म्हणजे सकाळचं आणि संध्याकाळचं ऊन पानाच्या सपाट बाजूवर आणि दुपारचं फक्त कडेवर. फोनमधला कंपास काढून ताडून बघ. हे बारा मैलांच्या स्पीडने दिसत नाही बाबा. आणि ऑगस्ट संपता संपता बिग ब्लूस्टेम गवत तुझ्या डोक्याच्या वर जातं, वारा आला की सगळं एका बाजूला झुकतं. मेच्या सुमारास तिथे बोबोलिंक येतात, हा एवढासा पक्षी, हिवाळा दक्षिण अमेरिकेत काढून आलेला.

जूनमधे लाल खांद्याचा काळा पक्षी, रेड विंग्ड ब्लॅकबर्ड, तो तुझ्या हेल्मेटवर झडप घालेल. घरटं जवळ असतं त्याचं, त्याची चूक नाही. थांबून हातवारे करू नकोस, सरळ निघून जा. कॅनडा गीज, म्हणजे इथले रानहंस, पिल्लांसकट आडवे बसले असतील तर मात्र उतर, पाहिजे तेवढं लांबून जा, ते खरंच अंगावर येतात.

ओढ्याकाठी जायचं असेल तर सॉल्ट क्रीक. ओक ब्रुकला फुलर्सबर्ग वुड्समधे ग्राउ मिल आहे, 1852 ची पाणचक्की, चाकासकट. गुलामगिरीतून पळून उत्तरेला जाणाऱ्या माणसांना त्या गिरणीच्या तळघरात लपवायचे. तिथून पुढे बेमिस वुड्सपासून ब्रुकफील्ड झूपर्यंत ओढ्याच्या बाजूने झाडीतला ट्रेल, सहा-साडेसहा मैल, उन्हाळ्यातल्या दुपारी हाच बरा. फक्त मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस जाऊ नकोस, ओढा चढून ट्रेलवर येतो आणि पाणी ओसरलं तरी गाळ राहतो, त्यावर पुढचं चाक सटकन जातं. आणि काठाला तीन-तीन पानांचं चकचकीत झुडूप दिसलं तर त्यात पाय घालू नकोस, पॉयझन आयव्ही आहे, दोन आठवडे खाजवत बसशील.

सामानाचं थोडक्यात. बारीक टायर नकोत, 35-38 मिलिमीटरचे घे, खडीवर बरे पडतात. ट्रेलवरच्या लाइमस्टोनची पांढरी भुकटी चेनला बसते ती घरी आल्यावर फडक्याने पुस, तेल त्यानंतर. घंटी हवीच, आणि चालणाऱ्यांना ओलांडताना 'ऑन युवर लेफ्ट' म्हणायचं, जरा आधी, कानात ओरडायचं नाही. रस्ता क्रॉस करताना ड्रायव्हरने हात दाखवला तरी दुसऱ्या लेनमधला थांबलाय का ते बघितल्याशिवाय पाऊल टाकू नकोस, या वाटांवर खरा धोका एवढाच आहे. ढग गडगडले तर उघड्या प्रेरीतून लगेच बाहेर पड, तिथे सगळ्यात उंच वस्तू तूच असतोस. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला वादळाच्या इशाऱ्याचा सायरन वाजतो ती टेस्ट असते, नवीन माणसं उगाच पळत सुटतात.

ते एनर्जी जेल-बिलचे पाउच परत कर. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मी आणते.

येत्या रविवारी साडेसहाला व्हॉलंटियर पार्कच्या पुलाशी ये, 35 वाली फेरी एकत्र करू. शनिवारी रात्री बघते, वारा वायव्येचा निघाला तर जिनिव्हा आधी आणि ऑरोरा नंतर. तुझ्या साइजची जास्तीची ट्यूब घेऊन ये, माझी तुझ्या चाकाला बसायची नाही, आणि पंप आणू नकोस, माझ्याकडे आहे.

तुझी
मावशी