मेडिकल कॉलेजातल्या प्राध्यापकाचं संशोधन नेमकं कशावर चाललंय, हे कसं ओळखायचं?

विद्यापीठाच्या पानावर 'संशोधनाची आवड' म्हणून जे चार शब्द असतात, त्यावर फार विसंबू नका. बऱ्याचदा ते रुजू होताना लिहून दिलेले असतात आणि मग तसेच राहतात. 'कर्करोग, प्रतिकारशक्ती' एवढ्यावरून काय कळणार?

पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीवर, त्यांचं नाव टाका आणि मागच्या तीन-चार वर्षांचेच पेपर बघा. लेखकांच्या यादीत त्यांचं नाव कुठे आहे ते महत्त्वाचं. वैद्यकीय संशोधनात साधारणपणे पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं असतं. ज्या विषयावर ते सलग शेवटचे लेखक आहेत, तो त्यांचा खरा विषय. वीस नावांच्या मधे कुठेतरी असतील तर रुग्णांचे नमुने पुरवणं किंवा आकडेमोड करणं एवढाच हातभार असू शकतो. (एकाच नावाच्या लोकांचा घोळ फार होतो, म्हणून प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख सांगणारा १६ अंकी ऑर्किड (ORCID) क्रमांक मिळाला तर तो जुळवून घ्या.)

पण पेपर म्हणजे झालेलं काम. पुढचं बघायचं तर निधी बघा. अमेरिकेतले असतील तर 'एनआयएच रिपोर्टर'वर (एनआयएच ही तिथली वैद्यकीय संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था) चालू प्रकल्पाचा सारांश आणि मुदत दोन्ही दिसतं. रुग्णांवरच्या चाचण्या क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर सापडतात, तिथे इतर देशांतल्याही असतात.

आणि ईमेल करणार असाल तर 'आपल्या कार्याने प्रभावित झालो' वगैरे नको. एखाद्या पेपरमधल्या एका आकृतीबद्दल नेमका प्रश्न विचारा.