ह्यूम आणि कांटशेजारी बुद्धांना बसवताना

प्रिय मुली,
सप्रेम जयभीम.

बुद्ध आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञ यांची तुलना करणारं तुझं टिपण वाचलं. मेहनत दिसते, पण पानोपानी एकच सूर आहे: पाश्चात्त्यांना अठराव्या शतकात सुचलं ते बुद्धांनी कधीच सांगून ठेवलं होतं. हा सूर सोड. दोघं एका जागी पोचले, तर तिथून पुढे कोण कुठे गेलं ते बघ.

स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमचंच घे. १७३९च्या ग्रंथात तो म्हणतो, आत डोकावलं की संवेदना सापडतात, ‘मी’ सापडत नाही. भिक्खू नागसेनांनी मिलिंद राजाला रथाचं उदाहरण देऊन हेच दाखवलं: सुट्या भागांपलीकडे ‘रथ’ असा वेगळा सापडत नाही. इथवर छान लिहिलंयस. पण पुढे? ह्यूम या विचारांनी खिन्न होतो, मग मित्रांत जेवतो, खेळतो, रमतो. धम्मात मात्र अनात्म, म्हणजे कायमचा ‘मी’ नाही हा विचार, ही तृष्णा सैल करायची साधना आहे. कराडला आगाशिवच्या लेण्यांत जाऊन विहारातल्या खोल्या बघ. एक माणूस जेमतेम मावेल एवढी जागा, भिंतीलगत दगडातच कोरलेला ओटा. हा विचार घेऊन माणसं तिथे राहत होती.

जर्मन तत्त्वज्ञ कांटचा परिच्छेद मात्र पुन्हा लिही. हेतूला दोघंही महत्त्व देतात, खरं. ‘चेतनेलाच मी कर्म म्हणतो’ हे बुद्धवचन अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात आहेच; चेतना म्हणजे इथे हेतू. पण समज, स्टँडवर वडापवाल्याच्या हातात घाईत शंभराऐवजी पाचशेची नोट पडली. एक जण मोह आवरून, कर्तव्य म्हणून ती परत करतो. दुसऱ्याच्या मनात ठेवून घ्यायचं येतच नाही. दुसरा निव्वळ स्वभावाने तसा असेल, तर कांट नैतिक मोल पहिल्याच्याच कृतीला देईल. बौद्ध शीलाची सारी खटपट पहिल्याचा दुसरा व्हावा यासाठी आहे. मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायची सवय, रोज घोटायची ती त्यासाठीच. मला इथे बौद्धांचं पटतं. तुला कांट पटला तर बेधडक तसं लिही, फक्त कारणं दे.

आणि बाबासाहेबांना शेवटच्या ओळीत वंदनापुरतं आणू नकोस. १९०० साली ते ज्या साताऱ्यात शाळेत दाखल झाले, तिथेच बसून तू लिहितेयस. कोलंबिया विद्यापीठात अमेरिकन तत्त्वज्ञ ड्यूईंकडे शिकलेले बाबासाहेब १९५४च्या आकाशवाणीवरच्या भाषणात सांगतात की स्वातंत्र्य, समता, बंधुता आपण फ्रेंच क्रांतीतून नव्हे, बुद्धांकडून घेतली. कायदा कुणीही मोडू शकतो, म्हणून बंधुतेला ते सर्वांत वरचं स्थान देतात. तुलनेची सुरुवात तिथून कर. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल सध्या वगळ, त्याला वेगळा लेख लागेल. नवा खर्डा दिवाळीआधी पाठव.

तुझे,
सर