नेम छोटा धरा, पण कशाला तरी बांधून

चातुर्मास लागला की घरोघरी नेम धरले जातात. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी रोज एक अध्याय वाचतं, कुणी चार महिने अळणी खातं. हे नेम कार्तिकी एकादशीपर्यंत तग धरतात, आणि एक जानेवारीचा ‘या वर्षी तब्येतीकडे बघायचं’ हा संकल्प संक्रांतसुद्धा गाठत नाही. नेम पाळला की मोडला, हे रात्री अंथरुणावर पडताना एका शब्दात सांगता येतं. ‘तब्येतीकडे बघणं’ पाळलं की नाही, हे कसं सांगणार? या महिन्यातले बहुतेक प्रश्न याच गाठीशी येऊन अडलेले आहेत.

प्रश्न : वय ४२, बँकेत नोकरी. दर जानेवारीत रोज १०,००० पावलं चालायचं ठरवतो. दोन आठवडे जोरात जातात. मग एक दिवस घरी यायला उशीर होतो, खंड पडतो आणि सगळंच बंद होतं. निग्रह कमी पडतो का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : निग्रहाला कशाला दोष द्यायचा, आकडाच चुकीचा धरलाय. १०,००० हा आकडा दवाखान्यातून आलेला नाही, दुकानातून आलेला आहे. टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमधल्या यामासा कंपनीने कमरेला लावायचं पाऊलमोजणी यंत्र विकायला काढलं. त्याचं नाव ‘मानपो-केइ’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. पुढे संशोधकांनी खरोखर मोजून पाहिलं. २०२२ मध्ये १५ अभ्यास एकत्र करून सुमारे ४७,००० लोकांची माहिती तपासली गेली. त्यात साठीच्या आतल्यांना साधारण ८,००० ते १०,००० पावलांपर्यंत आणि साठीपुढच्यांना ६,००० ते ८,००० पावलांपर्यंत फायदा वाढत जाताना दिसला. त्यापुढे आलेख जवळपास सपाट. सगळ्यात कमी चालणारे जेव्हा थोडं जास्त चालायला लागतात, तिथे फरक मोठा पडतो.

म्हणून आधी सात दिवस काहीही न बदलता फक्त मोजा. फोन रोज एकाच खिशात हवा. तो टेबलावर ठेवून तुम्ही पाणी प्यायला गेलात, तर ती पावलं हिशेबात येत नाहीत. सातही आकडे चढत्या क्रमाने लिहा आणि मधला, म्हणजे चौथा, आकडा घ्या. सरासरी काढू नका, कारण रविवारी लग्नाच्या खरेदीत झालेली तंगडतोड अख्खा आठवडा फुगवून दाखवते.

समजा, चौथा आकडा ३,८०० आला. मग पुढच्या दोन आठवड्यांचा नेम ४,८०० चा. १,००० पावलं म्हणजे मध्यम चालीने साधारण दहा मिनिटं, बस्स. १४ पैकी १० दिवस जमलं तर आणखी १,००० वाढवा. नाही जमलं तर त्याच आकड्यावर आणखी दोन आठवडे थांबा. मागे येऊ नका आणि ‘भरपाई’ म्हणून एका दिवशी १२,०००ही करू नका. भरपाईनंतर पोटऱ्या आणि टाचा दुखतात आणि पुढचे तीन दिवस जातात. खरी साखळी तिथे तुटते. या हिशेबाने दोन-अडीच महिन्यांत तुम्ही ८,००० च्या आसपास पोचाल. तिथे थांबलात तरी चालेल.

आता वेळेचं. ‘वेळ मिळेल तसा चालेन’ या वाक्यात वेळ कधीच मिळत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ‘अमुक झालं की तमुक करायचं’ अशा जर-तरच्या वाक्यांवर बरंच काम केलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की वेळ-जागा आधीच बांधलेली असली तर ऐनवेळी मनाशी वाटाघाटी कराव्या लागत नाहीत. तुमचं वाक्य असं होऊ शकेल : ‘स्टेशनचा पूल उतरलो की शेअर रिक्षाच्या रांगेत न थांबता पुढच्या चौकापर्यंत चालायचं आणि तिथून रिक्षा धरायची.’ याला जोडून दुसरं वाक्यही आजच लिहून ठेवा, उशिराच्या दिवसाचं : ‘साडेनऊनंतर घरी आलो, तर जेवून सोसायटीच्या आवारात पाच मिनिटं.’ हा उणा नेम. तो पाळला तरी कॅलेंडरवर फुली मारायची, अर्धी नाही, पूर्ण.

आणि ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे विसरून जा. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचं दिसलं. कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्यातच हेही दिसलं, की मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे तुमचा दर जानेवारीचा खेळ बिघडतो तो खंड पडलेल्या दिवशी नव्हे, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

प्रश्न : वय ३८, गृहिणी. सकाळपासून रात्रीपर्यंत पायावर उभी असते. तरी सगळे म्हणतात, ‘व्यायाम कर.’ घरकाम हा व्यायाम नाही का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काही आहे, काही नाही. काम करताना बोलता येतंय, पण गाणं म्हणायला दम पुरत नाही, अशी अवस्था आली की ते काम मध्यम जोराच्या व्यायामात धरायचं. खाली बसून जोर लावून लादी पुसणं, जिन्यावरून पाण्याच्या कळश्या आणणं, गाद्या उचलून झटकणं यात बसतं. ओट्यापाशी तासभर उभं राहून पोळ्या लाटणं यात बसत नाही. त्यात कंबर दुखते, दम लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. पूर्वी ती सलग दहा मिनिटांची असावी, अशी अट होती. २०२० च्या सूचनांमध्ये ती गेली. तेव्हा तुमची लादीची सहा मिनिटंही हिशेबात धरा.

घरकामात बहुतेक राहून जाते ती ताकद. त्याच सूचनांमध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगितला आहे. त्यासाठी वेगळी वेळ काढू नका, कुकर लावला की सुरू करा. सोमवार आणि गुरुवार, शिट्ट्या होईपर्यंत.

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे मागे सरकणार नाही. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको. पुढच्या कडेवर बसा, पावलं कमरेइतक्या अंतरावर आणि गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर दुमडून उभं राहा आणि मनात तीन आकडे मोजत सावकाश बसा. खरं काम बसताना होतं. धपकन बसलात, तर निम्मा व्यायाम फुकट गेला. गुडघे एकमेकांकडे झुकू लागले तर थांबा, पावलं नीट करा. आठ वेळा झालं की ओट्याकडे वळा. ओटा आधी कोरडा पुसून घ्या, नाहीतर हात सरकतो. कडेवर तळवे टेकवा, पाय दोन पावलं मागे न्या, अंग फळीसारखं सरळ ठेवून छाती ओट्याकडे आणा आणि परत ढकला. आठ वेळा. श्वास कोंडू नका, ढकलताना सोडा. पुन्हा खुर्ची, पुन्हा ओटा. बारा-बारा सहज व्हायला लागले की तिसरी फेरी वाढवा.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, दोन दिवसांत उतरतील, ते ठीक. सांध्यात चमक मारली किंवा सूज आली, तर मात्र तो प्रकार बंद करून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वय ६१. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. सध्या रोज अर्धा तास चालते. पुढच्या वर्षी माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड हा एक टप्पा तरी पायी करायची इच्छा आहे. जमेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : इच्छा उत्तम, पण टप्पा निवडलात तो सगळ्यात अवघडांपैकी. पुणे ते सासवड साधारण तीस किलोमीटर, आणि पाय थकल्यावर शेवटी दिवे घाटाची चढण. त्यातून पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघत असल्याने हा टप्पा सहसा योगिनी एकादशीला येतो. म्हणजे आजूबाजूला सगळे उपवासाचे, आणि तुमच्या पोटात मधुमेहाची गोळी. म्हणून पहिल्या वर्षी घाट सुरू होण्याआधीच्या वडकी नाल्यापर्यंतचंच लक्ष्य ठेवा. परतीचं वाहन आधी ठरवा. त्या दिवशी हा रस्ता वाहनांना बंद असतो.

हातात वीस आठवडे हवेत. रोजचा अर्धा तास तसाच ठेवायचा. आठवड्यातून एकच दिवस लांब चाल, पहाटे, कारण सोलापूरचा उन्हाळा मध्येच येणार. पहिल्या आठवड्यात ४ किलोमीटर, मग ५, मग ६. चौथ्या आठवड्यात पुन्हा ४ वर या आणि पाचव्यात ७ पासून पुढे. असं तीन आठवडे चढायचं, एक आठवडा उतरायचं. अठराव्या आठवड्यात तुम्ही १७ किलोमीटरवर असाल. शेवटचे दोन आठवडे मुद्दाम कमी चाला. या काळात हमखास एक चूक होते : ताकद वाटायला लागली म्हणून उतरायचा आठवडा गाळला जातो, आणि टाच धरते.

गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी आधी बोला, वारीच्या आदल्या दिवशी नव्हे, सराव सुरू करतानाच. फक्त मेटफॉर्मिन असेल तर साखर फार खाली जाण्याची भीती कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी असेल तर लांब चालण्याच्या दिवशी मात्रा बदलावी लागू शकते. ती स्वतःहून बदलू नका, आणि अशी गोळी घेऊन उपवास करू नका. माउली रागावणार नाहीत. हात थरथरले, घाम फुटला, छातीत धडधडलं, एकदम भूक लागली, की चालणं थांबवा आणि तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून घ्या. पंधरा मिनिटांनी साखर तपासा. ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच घ्या. बरं वाटल्यावर पोळी-भाजी किंवा केळं खा, मगच पुढे. साखरेची पुडी पिशवीत सामानाखाली ठेवू नका, हाताशी ठेवा.

बूट नवे नकोत. ज्या बुटांत १५ किलोमीटर झालेत, तेच. मोज्यांचा एक कोरडा जोड बरोबर घ्या आणि भिजले की लगेच बदला; ओल्या मोज्यात फोड येतात. अनवाणी अजिबात नाही, तापल्या डांबरावर तर नाहीच. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते आणि फोड आल्याचं कळतही नाही. रोज रात्री तळपायाखाली आरसा धरून पाहायची सवय आजपासूनच लावा.

प्रश्न : घरात सासूबाईंना रक्तदाब आहे. मीठ कमी करायचं ठरवतो, पण किती खातो तेच कळत नाही. मोजायचं कसं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मिठाच्या पुडीवर फोडल्याची तारीख लिहा. माणशी दिवसाला ५ ग्रॅम ही मर्यादा धरली, तर चौघांना दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलोची पुडी ५० दिवस पुरायला हवी. ती ३० दिवसांत संपली तर घरात माणशी ८ ग्रॅमहून जास्त खर्च होतंय. वर लोणचं, पापड, फरसाण, ब्रेडमधलं मीठ वेगळंच. लोणची घातली त्या महिन्याचा हिशेब धरू नका. पुढचा नेम मोठा नको : पुढची पुडी पाच दिवस जास्त पुरवायची. सोपी सुरुवात म्हणजे कणकेतलं आणि भातातलं मीठ बंद करायचं, आमटी-भाजीतलं तसंच ठेवायचं. पानात डाव्या बाजूला मीठ वाढायची आपली रीत आहे, ती काही दिवस विसरायची. जीभ काही आठवड्यांत रुळते, त्यामुळे एकदम निम्मं करू नका. घरातल्यांना लगेच कळतं आणि डबा पुन्हा टेबलावर येतो. सासूबाईंना मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर ‘कमी सोडियमचं’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं.

प्रश्न : तीन महिने नेमाने चालतोय, वजनकाटा हलत नाही. सोडून द्यावं का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : सोडायचा तर वजनकाटा सोडा. नुसत्या चालण्याने वजन फारसं उतरत नाही, ते ताटावर ठरतं. शिवाय पाण्यामुळे काटा एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होतो. महिन्यातून एकदा कंबर मोजा : शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, टेप जमिनीला समांतर, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. पँटच्या साइजवर जाऊ नका, ती पोटाखाली बांधलेली असते.