एफए कपला आजच्या फुटबॉलप्रेमींच्या लेखी काही किंमत उरली आहे का, की आता लीगच खरी?

उरली आहे, भरपूर उरली आहे. एफए कप म्हणजे इंग्लंडमधल्या लहानमोठ्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा, हरलात की बाहेर; लीगमध्ये मात्र मोसमभर सगळे सगळ्यांशी खेळतात. ज्याला ती दिसत नाही त्याने आधी आपण कुठे बसून बघतोय ते तपासावं. मुंबईत घरी सोफ्यावर बसून मँचेस्टर सिटी, लिव्हरपूल, आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड यांतला एक क्लब निवडायचा आणि वर ‘कपचं आता कोणाला काय पडलंय’ म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही.

तुम्ही प्रश्नाखाली तीन कारणं दिली आहेत. मोठे क्लब राखीव खेळाडू उतरवतात, रिप्ले (बरोबरी झाली की दुसऱ्या संघाच्या मैदानावर पुन्हा सामना) बंद झाले, आणि लीग संपायच्या आतच अंतिम सामना उरकून टाकतात. तिन्ही खरी आहेत. पण यातलं एकही चाहत्यांनी केलेलं नाही. 1999-2000 च्या हंगामात गतविजेत्या मँचेस्टर युनायटेडने ब्राझीलमधल्या क्लब वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी एफए कपमधून अंगच काढून घेतलं, तेव्हाही चाहत्यांना कोणी विचारलं नव्हतं. तुमचं चौथं वाक्य मात्र, ‘शेवटी कप म्हणजे एका दिवसाचं नशीब, खरी कसोटी लीगमध्येच’, हे मी आमच्याच घरात वर्षानुवर्षं ऐकत आलोय. म्हणून लिहायला बसलो.

आधी इंग्लंडचं सांगतो. जानेवारी 2005 मध्ये एक्झेटर सिटी नावाचा क्लब पहिल्या चार विभागांतही नव्हता. डोक्यावर कर्ज, कारभार चाहत्यांच्या ट्रस्टच्या हातात. तिसऱ्या फेरीत गाठ पडली युनायटेडशी, त्यांच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर. 0-0. मग रिप्ले आपल्या गावात, तिथे 0-2 हरले. पण एफए कपमध्ये तिकिटांच्या उत्पन्नाचा वाटा पाहुण्या संघालाही मिळतो, त्यात टीव्हीचे पैसे, आणि त्या दोन सामन्यांवर क्लबचं कर्ज फिटायला लागलं. त्या गावातल्या माणसाला विचारा कपला किंमत आहे का.

हेच आता होऊ शकत नाही, कारण 2024-25 पासून पहिल्या फेरीपासूनच रिप्ले रद्द केले. त्याच हंगामात पाचव्या विभागातल्या टॅमवर्थने आपल्या छोट्याशा मैदानावर टॉटनहॅमला पूर्ण नव्वद मिनिटं 0-0 वर रोखलं. आदल्या वर्षी हे झालं असतं तर पुढचा सामना लंडनच्या साठ हजारांच्या स्टेडियमवर झाला असता आणि टॅमवर्थची कित्येक वर्षांची सोय लागली असती. नव्या नियमाने लगेच जादा वेळ, तीन गोल, विषय संपला. मोठ्या क्लबांचे खेळाडू दमतात म्हणून हे केलं म्हणे. मला या गोष्टीचा जेवढा राग आला तेवढा माझ्या स्वतःच्या संघाच्या हरण्याचाही येत नाही.

आणि 2025 चा अंतिम सामना? क्रिस्टल पॅलेस विरुद्ध मँचेस्टर सिटी. सोळाव्या मिनिटाला पॅलेसच्या एझेचा गोल, पुढे त्यांचा गोली हेंडरसनने सिटीच्या मार्मूशची पेनल्टी अडवली, 1-0. 1905 साली निघालेल्या क्लबचा पहिला मोठा करंडक. त्या दिवशी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये पॅलेसच्या लाल-निळ्या कपड्यातली पन्नाशी-साठीची माणसं लहान मुलांसारखी रडत होती. ती काय नुसती जुनी परंपरा आहे म्हणून रडत होती?

आता माझं. आम्ही माहीमचे. नव्वदीच्या दशकात आमचा एक लहानसा क्लब होता, मुंबईच्या हारवूड लीगच्या खालच्या विभागात खेळायचा. लीगमध्ये आम्ही कधी चमकलो नाही. संपूर्ण मोसम खेळायचा तर रोज अकरा माणसं हवीत, आणि आमची अकरा माणसं अकरा ठिकाणी कामाला. स्टॉपर बेस्टमध्ये कंडक्टर, त्याची पाळी बदलली की आमचा डिफेन्स गेला. गोली माहीम कोळीवाड्यातला. पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून जून ते नारळी पौर्णिमा हा पठ्ठ्या रोज सरावाला हजर, आणि होड्या एकदा समुद्रात गेल्या की थेट पुढच्या वर्षी. लीगचं टेबल या गोष्टी मोजत नाही. टेबलात आम्ही खालूनच वाचायचो.

एका वर्षी नाडकर्णी कपमध्ये, म्हणजे मुंबईतल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, आमची गाठ एका बड्या ऑफिस टीमशी पडली. नाव घेत नाही. त्यांच्याकडे खेळण्याचा पगार मिळणारी माणसं, दोघे-तिघे इंडिया कॅम्पला जाऊन आलेले. त्यातला राइट विंगर मुंबईत सगळ्यांना माहीत होता. मी लेफ्ट बॅक, म्हणजे तो माझ्या वाट्याला. आमच्या कॅप्टनने तेव्हा एक काम केलं. आदल्या आठवड्यात दोन सामने फक्त मैदान बघायला तो कूपरेज स्टेडियमवर जाऊन बसला. तेव्हा तिथे आजचं कृत्रिम गवत नव्हतं, मातीचं मैदान, आणि पाऊस झाला की एका बाजूच्या टचलाइनला घोट्याएवढं पाणी. ती पट्टी दिवसभर सुकत नसे.

टॉस आमच्याकडे आला. कॅप्टनने किक-ऑफ घेतला नाही, बाजू मागितली. अशी, की पहिल्या हाफला तो विंगर कोरड्या बाजूने पळेल आणि दुसऱ्या हाफला पाण्यातून. पहिली पंचेचाळीस मिनिटं त्याने माझी दमछाक केली. डावीकडे झुकतोय म्हणेपर्यंत उजवीकडून गेलेला असायचा, आणि मागे आमचा गोली नसता तर दोन गोल तिथेच झाले असते. एक चेंडू त्याने जमिनीला समांतर आडवं होऊन बोटांच्या टोकांनी बाहेर काढला, उठला तेव्हा तोंडात चिखल होता. थुंकला आणि मलाच शिव्या घातल्या.

दुसऱ्या हाफला चित्र बदललं. विंगर चेंडू पुढे टाकून पळायचा, आणि चेंडू पाण्यात थांबायचा. तो पुढे, चेंडू मागे. मी फक्त त्याला आत वळू द्यायचं नाही एवढंच बघत होतो, बाकीचं काम पाणी करत होतं. त्यांच्या कोचला हे कळायला वीस मिनिटं लागली. त्याने विंगर दुसऱ्या बाजूला नेला, तोवर कॉर्नरवर आमच्या कंडक्टरने हेडर मारून गोल केला होता. नंतर अकराच्या अकरा जण मागे. 1-0.

माझा आतेभाऊ, मी त्याला दादा म्हणतो, त्या कंपनीत नोकरीला होता आणि त्यांच्या बाजूला बसला होता. सामना संपल्यावर गेटबाहेर भेटला आणि पहिलं वाक्य: “दहा वेळा खेळा, नऊ वेळा हराल.” पुढच्या फेरीत आम्ही चार गोलांनी हरलो, तेही त्याच्या पथ्यावरच पडलं. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक गणपतीत हा विषय निघतो. नशीब, चिखल, एक कॉर्नर.

नऊ वेळा हरलो असतो, मान्य. पण टॉस जिंकून बाजू मागणं हे नशीब नव्हतं. एका सामन्यासाठी आठवडाभर डोकं चालवणं ही लहान संघाची ताकद असते, आणि ती दाखवायला जागा फक्त नॉकआउटमध्ये मिळते. लीग खेळाडूंची संख्या मोजते, पगार मोजते, राखीव बाक किती खोल आहे ते मोजते. तेही कौशल्य आहे, पण एकमेव नाही.

दादा आर्सेनलवाला आहे, म्हणून त्याला मी विगन या लहान क्लबचं उदाहरण देतो. 2013 साली 11 मेला विगनने सिटीला शेवटच्या मिनिटांत बेन वॉटसनच्या हेडरवर हरवून एफए कप जिंकला, आणि 14 मेला याच आर्सेनलकडून 4-1 हरून खालच्या विभागात गेले. दादाच्या मते यावरून त्याचं म्हणणं सिद्ध होतं. मी म्हणतो, त्या वर्षी सतराव्या क्रमांकावर राहून लीगमध्ये टिकलेला संघ कोणता, न बघता सांग. कधीच सांगता आलेलं नाही. विगन मात्र त्यालाही पाठ आहे. आणि 2020 मध्ये प्रशिक्षक आर्टेटाच्या हाताखाली आर्सेनलने चेल्सीला हरवून कोविडमुळे रिकाम्या असलेल्या वेम्बलीत चौदावा एफए कप घेतला, तेव्हा हाच दादा रात्री फोन करून ओरडत होता. ते काय होतं?

आपल्याकडचं सांगायचं तर अजून वाईट वाटतं. रोव्हर्स कप 1891 पासून मुंबईत होता. हैदराबाद सिटी पोलिसांनी 1950 ते 1954 सलग पाच वेळा तो नेला. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मडन कूपरेजवर यायचे आणि समोर मफतलाल, ओर्के अशा आपल्या गिरण्यांचे संघ उभे राहायचे. बाबा गिरणीत होते, पाळी संपवून थेट मैदानावर यायचे आणि मला खांद्यावर घ्यायचे. 1996 ला राष्ट्रीय लीग सुरू झाली, वेळापत्रकात रोव्हर्सला जागा उरली नाही, आणि 2001 च्या सुमारास तो संपला. त्यासाठी मुंबईत एक मोर्चा निघाला नाही. लीग हवीच होती, पण ती आणताना शंभर वर्षांचा कप टाकून द्यायला हवा होता असं मला कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. ज्या लीगसाठी एवढं केलं ती 2005-06 ला महिंद्रा युनायटेडने जिंकली, आणि 2010 ला तो संघच बंद झाला. आता मुंबईत ना रोव्हर्स, ना महिंद्रा.

ड्युरंड कप निदान जिवंत आहे. तिथेही आयएसएलचे (इंडियन सुपर लीगचे) क्लब पोरंसोरं पाठवतात अशी तक्रार असते. पण 2024 चा अंतिम सामना आठवा. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागान 2-0 ने पुढे, सगळं स्टेडियम त्यांचं, आणि नॉर्थईस्ट युनायटेडने 2-2 करून पेनल्टीवर कप नेला. त्यांचा पहिला करंडक. गुवाहाटीच्या माणसाला ‘ही काय मोठी स्पर्धा नाही’ असं सांगून बघा. कोल्हापुरात तर हा प्रश्नच कोणी विचारणार नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ चषकाच्या सामन्यात समोरासमोर आले की पेठाच्या पेठा गॅलरीत असतात.

एक मात्र कबूल करायला हवं. मोठ्या क्लबांच्या चाहत्यांचा रस पूर्वीसारखा नाही, हे खरं आहे. त्यांना लीगमधला चौथा क्रमांक आणि त्यातून मिळणारी युरोपातली चॅम्पियन्स लीग जास्त महत्त्वाची वाटते, कारण पैसा तिथे आहे. एफए कप जिंकून क्लबचं सगळं भलंच होतं असंही नाही. पोर्ट्समथने 2008 ला जिंकला आणि पुढच्या काही वर्षांत कर्जात बुडून पार खाली गेला. पॅलेसने कप जिंकून मिळवलेली युरोपा लीगची जागाही मालकीच्या नियमांवर बोट ठेवून काढून घेतली आणि त्यांना तिच्याखालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये ढकललं. कप मैदानावर जिंकूनही कागदावर हरता येतं.

तुम्हाला खरंच बघायचं असेल तर अंतिम सामन्यापासून सुरुवात करू नका. जानेवारीत तिसरी फेरी असते, प्रीमिअर लीगचे क्लब तेव्हा उतरतात. शनिवारचे दुपारचे सामने आपल्याकडे रात्री साडेआठला लागतात. ज्यात लहान क्लबला घरचं मैदान मिळालंय असा एक निवडा, आणि समालोचन बंद करून फक्त त्यांचा लेफ्ट बॅक बघा. पावसाळ्यात कूपरेजवर स्थानिक सामना असेल तर तिथेही जा. दादालाही दर वर्षी बोलावतो. गुडघ्याचं कारण सांगतो आणि येत नाही, पण रात्री स्कोअर विचारायला फोन त्याचाच येतो.