दिव्यांग पेन्शनचा अर्ज रिजेक्ट झाला, वकिलाला द्यायला पैसे नाहीत, काय करू?

अहो पैसे लागतच नाहीत. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात दिव्यांग माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि त्यात उत्पन्नाची अट पण नाहीये. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस असतं तिथे जा, नाहीतर १५१०० ला फोन लावा, फ्री आहे.

पण त्याआधी तहसीलमधून रिजेक्ट का केलं ते लेखी घ्या, तोंडी "बसत नाही" म्हणाले तर हलू नका. संजय गांधी निराधार योजनेच्या पेन्शनला ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागतं, मग उत्पन्नाचा दाखला वगैरे. बऱ्याचदा घोळ किरकोळ असतो, आमच्या मावशीच्या आधारवर नावापुढे 'बाई' होतं आणि सर्टिफिकेटवर नव्हतं, एवढ्यावरून फाईल तीनदा परत आली. शेवटी विधी सेवा समितीतल्या स्वयंसेवक ताईंनी प्रतिज्ञापत्र करून दिलं आणि काम झालं, केस बिस काही नाही.

बाहेरचे एजंट दोन-तीन हजार मागतात, त्यांच्या नादी लागू नका. आणि प्रत्येक कागदाच्या झेरॉक्सवर शिक्का मारलेली पोच घ्या, पुढे अपील करायला तीच लागते.