नव्या गाडीला फडकं मारण्याआधी

भाऊ, रोज सकाळी गाडीवर कोरडं फडकं मारणं आधी बंद करा. पांदणीची धूळ मऊ दिसते, पण तिच्यात बारीक, टणक कण असतात. रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, केसापेक्षाही पातळ. घासलं की गोल ओरखडे उठतात आणि उन्हात चमकतात. काळ्या गाडीचं तर विचारूच नका! आधी नुसत्या पाण्यानं चिखल भिजवून खाली सोडा, मगच गाडीचा शाम्पू. बादल्या दोन: एक शाम्पूची, दुसरी साध्या पाण्याची, धुवायचा हातमोजा खळबळायला. कपड्यांची पावडर नको, मेणाचा थर उतरतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, म्हणून सकाळीच, सावलीत धुवा. बोअरचं पाणी जड. वाळलं की पांढरे डाग बसतात. मायक्रोफायबरच्या मऊ कापडानं लगेच टिपा. मेण दर दोन-तीन महिन्यांनी लावा. कडुनिंबाखाली उभी करत असाल तर पाखरांची घाण त्याच दिवशी ओल्या कापडानं काढा.