‘नाखवा’मधला खुदा कोण?

एका वाचकाने विचारलं आहे: “‘नाखवा’ हा शब्द ‘नौका’वरून आला असं एके ठिकाणी वाचलं. दुसरीकडे त्यात ‘खुदा’ आहे असं सांगतात. कोळी तर एकवीरेचे आणि खंडोबाचे भक्त. त्यांच्या तोंडी खुदा कुठून आला? आणि नाखवा म्हणजे नक्की कोण, होडी हाकणारा की होडीचा मालक?”

शब्द फारसी आहे. मूळ रूप ‘नाव-खुदा’, त्याचं ‘नाखुदा’ झालं आणि आपल्या किनाऱ्यावर ‘द’ गळून ‘नाखवा’. पण ‘नौका’वाला तर्क अगदीच टाकाऊ नाही. फारसीतली ‘नाव’ आणि संस्कृतातली ‘नौ’ एकाच मुळाच्या, कारण दोन्ही भाषांचं घराणंच एक. म्हणजे शब्दाचा पहिला अर्धा भाग आपल्या ओळखीचाच आहे, फक्त तो आपल्या वाटेने आलेला नाही. राहिला ‘खुदा’. आज त्याचा एकच अर्थ आपल्या डोक्यात येतो, देव. जुन्या फारसीत मात्र खुदा म्हणजे धनी, स्वामी. ‘कदखुदा’ म्हणजे घरधनी, पुढे गावचा मुखिया. आपल्या ऐतिहासिक पत्रांतला ‘खावंद’ त्याच कुळातला. तेव्हा नाखुदा म्हणजे नावेचा धनी, आणि त्याच्यात धर्माचा काही संबंध नाही.

दुसरा प्रश्न, हा शब्द कोळ्यांपर्यंत पोचला कसा, मला जास्त मोलाचा वाटतो. मराठीतला फारसी शब्द म्हटला की आपण ताबडतोब बहमनी आणि आदिलशाही दरबार आठवतो. फर्मान, सनद, दफ्तर, जमाबंदी हे शब्द खरोखरच त्या दाराने आले. ‘नाखवा’ला ते दार लावणं मला पटत नाही. हा शब्द पश्चिम किनाऱ्यावर सुलतानांच्या आधी आला, आणि तो आणला व्यापाऱ्यांनी. त्याचा पुरावा दगडात कोरलेला आहे, तोही संस्कृतात.

सोमनाथजवळच्या वेरावळला १२६४ सालचा एक शिलालेख आहे. गुजरातेत तेव्हा वाघेला राजा अर्जुनदेव राज्य करत होता. गझनीच्या महमूदाच्या स्वारीला २३८ वर्षं झाली होती आणि दिल्लीच्या सुलतानांनी गुजरात जिंकायला अजून ३५ वर्षं होती. इराणच्या आखातातल्या होर्मुझचा नूरुद्दीन फिरोज नावाचा एक जहाजमालक सोमनाथला व्यापारासाठी आला, त्याने गावातल्या प्रमुख मंडळींच्या साक्षीने गावाबाहेर जागा घेतली आणि तिथे मशीद बांधली. त्या मशिदीचा हा लेख. त्याची अरबी प्रतही आहे, पण मला ओढ आहे ती संस्कृत प्रतीची, कारण ती वाचताना दोन भाषा एकमेकींना समजून घेताना दिसतात.

लेखाची सुरुवात ‘ॐ’ने आणि विश्वनाथाला नमस्काराने होते. तो विश्वनाथ शून्यरूप आहे, विश्वरूप आहे, लक्ष्यही आहे आणि अलक्ष्यही. शैव वाचकाला यात शिव दिसेल, होर्मुझच्या माणसाला अल्ला. लिहिणाऱ्याने शब्द असे निवडले की दोघांनाही मान खाली घालायला लागू नये. मग तारीख येते, एक नव्हे चार कालगणनांत: हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५ आणि सिंह १५१. हिजरी सनाला तिथे ‘रसूल महंमद संवत’ म्हटलं आहे, आणि या रसूलाचं विशेषण आहे ‘बोधक’. पैगंबराला प्रतिशब्द शोधताना त्या पंडिताला ‘बोध करणारा’ हा शब्द सुचला!

मशिदीला या लेखात ‘मिजिगिति’ म्हटलं आहे. हे रूप अरबी ‘मस्जिद’चं नाही, ते जुन्या फारसीच्या ‘मझगित’शी जुळतं. आणि ते एकट्या सोमनाथचं नव्हे. अकराव्या शतकाच्या मध्यात गोव्याच्या कदंबांच्या ताम्रपटातही हाच शब्द भेटतो, तिथल्या मशिदीच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर बसवलेल्या कराच्या संदर्भात. दोन राज्यं, मध्ये दोनशे वर्षं, आणि शब्द तोच. बंदरांची आपसांत एक बोली होती आणि तिला राज्यांच्या सीमा लागू नव्हत्या, असं मी यावरून समजतो.

आता आपला शब्द. वेरावळच्या लेखात नूरुद्दीनच्या नावाआधी ‘नाखू’ हे लघुरूप लागलं आहे, आपण ‘डॉ.’ किंवा ‘प्रा.’ लावतो तसं. म्हणजे शब्द इतका रुळलेला होता की पूर्ण लिहायचीही गरज नव्हती. त्याच लेखात त्याचा संस्कृत जोडीदारही आहे: ‘नौवित्तक’, नाव हेच ज्याचं वित्त आहे तो. काय नेमका शब्द आहे! मशिदीत रोजची ‘पूजा, दीप, तेल, पाणी’ यांची सोय लावलेली आहे. खर्चासाठी लावून दिलेल्या उत्पन्नात एक तेलाचा घाणा आणि दोन दुकानं आहेत. ‘बरातिशबि’ आणि ‘खतमरात्रि’ या विशेष रात्रींचे उत्सव नौवित्तकांच्या रिवाजाप्रमाणे करावेत आणि उरलेली रक्कम मक्का-मदिनेच्या धर्मस्थानाला पाठवावी, अशी व्यवस्था आहे. देखरेख स्थानिक जमातींकडे, आणि त्यांत जहाजवाल्यांइतकेच घाणेवाले आणि चुनेवालेही आहेत. धर्म किनाऱ्यावर कसा पसरत गेला याची एवढी बारीक नोंद क्वचितच मिळते. जहाजाचा मालक येतो, वर्षातले काही महिने वारा बदलायची वाट बघत थांबतो, नमाजाला जागा लागते म्हणून जागा घेतो, आणि त्या जागेभोवती त्याच्या धर्माची गावातलीच कष्टकरी माणसं उभी राहतात.

पण नाखुदा म्हणजे मुसलमानच, असं समीकरण बांधू नका. कैरोच्या एका सिनेगॉगमधल्या बंद खोलीत, गेनिझात, मध्ययुगीन ज्यू व्यापाऱ्यांची हजारो कागदपत्रं सापडली. त्यांतलं बाराव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचं एक पत्र मराठी वाचकाने जरूर माहीत करून घ्यावं. महरूझ नावाचा एक ज्यू नाखुदा मंगळुराहून आपल्या नातलगाला लिहितो. नातलगाचं जहाज चाच्यांनी लुटलेलं आहे आणि तो भडोचला अडकला आहे. महरूझ त्याला कळवतो की पैशांची गरज पडली तर माझ्या नावावर नाखुदा टिंबूकडून घ्या, तो ठाण्याला असतो, आणि त्याच्या-माझ्यात भावासारखा जिव्हाळा आहे. हा टिंबू भारतीय होता. ठाण्यातला भारतीय जहाजमालक, मंगळुरातला ज्यू जहाजमालक, दोघांची पदवी एकच, आणि एकमेकांच्या शब्दावर सोनं मोजून देण्याइतका विश्वास. शिलाहारांच्या ठाण्यात हा शब्द कानावर पडत होता याला याहून जवळचा दाखला मला माहीत नाही.

आपल्या किनाऱ्यावर ही देवघेव त्याहूनही जुनी आहे. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला ९२६ सालचा राष्ट्रकूट ताम्रपट सांगतो की संजाणचा कारभार ‘मधुमती’ नावाच्या ताजिकाकडे, म्हणजे मुहम्मद नावाच्या अरबाकडे होता. त्याने लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या, भात, आमटी आणि तूप वाढणारं अन्नसत्र घातलं, आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठाला जमीन द्यायला तो कारणीभूत झाला. वर्षफल मांडणाऱ्यांना ‘ताजिक’ ही ज्योतिषाची शाखा ठाऊक असेल. तिच्यातली मुंथा आणि इत्थशाल हे अरबी ‘मुंतहा’ आणि ‘इत्तिसाल’. विद्या आणणाऱ्यांचं नावच विद्येला चिकटलं.

तर मग कोळ्यांच्या तोंडी हा शब्द कसा, याचं उत्तर जहाजावरच्या माणसांत आहे. ‘ऐन-ए-अकबरी’त अबुल फजलने जहाजावरच्या हुद्द्यांची यादी दिली आहे: नाखुदा, वाट दाखवणारा मुअल्लिम, खलाशांचा म्होरक्या तंडेल, जहाज धक्क्याला लावून घेणारा सरहंग, कोठीवरचा भंडारी, हिशेब लिहिणारा कर्रानी, सुकाण धरणारा सुक्कानगीर, साधा खलाशी खारवा. यांत फारसी आहे, अरबी आहे आणि ‘भंडारी’सारखं अस्सल देशीही आहे. कारण डेकवर माणसंच तशी होती. दर्यावर ज्याच्याशी काम पडतं त्याचा शब्द उचलला जातो, आणि तो उचलणाऱ्याला आपला देव बदलावा लागत नाही. तांडेल, सारंग, सुकाणू, खलाशी, बंदर, आणि खुद्द ‘दर्या’ही, हे सगळे शब्द आपण तसेच घेतले आहेत. पूर्वेकडेही तेच झालं. मलाय आणि इंडोनेशियन भाषांत जहाजाच्या कप्तानाला आजही ‘नाखोदा’ म्हणतात.

आता अर्थ, कारण प्रश्नाचा शेवटचा भाग तोच आहे. कोशांत ‘नाखवा’ला सहसा जहाजाचा कप्तान म्हटलेलं असतं, आणि मलायमध्ये तो अर्थ स्थिरावलाही. पण कोळीवाड्यात विचारा. तिथे होडी घेऊन समुद्रात जाणारा, जाळं कुठे टाकायचं हे ठरवणारा तो तांडेल. नाखवा म्हणजे होडीचा धनी, मग तो स्वतः दर्यावर जावो की न जावो. वेरावळचा नूरुद्दीन आणि ठाण्याचा टिंबू हे याच अर्थाने नाखुदा होते. कोळ्यांनी शब्दाचा मूळ अर्थ कोशकारांपेक्षा नीट सांभाळला आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून कुठे अर्थ द्यायची वेळ आली तर ‘नावेचा मालक’ हा आधी द्या आणि ‘कप्तान’ नंतर. कोळीगीतांतला नाखवाही याच क्रमाने वाचावा.